सुरगाण्यातून लाल बावटा सात वेळा कसा निवडून आला? जे. पी. गावितांबद्दल जाणकारांनी सांगा

पंचवटीची_पोर

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय म्हणून धागाच काढते. मी नाशकात वाढले, घरात राजकारणाच्या गप्पा म्हणजे कुंभमेळ्याची कामं, महापालिका, २००९ ला शहरातून मनसेचे तीन आमदार आले होते ते, नाहीतर मग भुजबळ आणि येवला. पण आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला एक माणूस १९७८ पासून माकपच्या (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या) तिकिटावर आमदार होत आलाय, ते पण सात वेळा, हे मला घरात कुणी कधी सांगितलंच नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीअखेरीला कलेक्टर ऑफिससमोरचा रस्ता आठवत असेल तुम्हाला. सीबीएस ते मेहेर सिग्नल पूर्ण पॅक, रस्त्यावर तीन दगडांच्या चुली, तांदळाची पोती टेम्पोत, बायका डांबरावर पथारी टाकून झोपलेल्या. माझं ऑफिस तिकडेच असल्याने रोज त्यातूनच जायचे. एका आजींना विचारलं कुठून आलात तर म्हणाल्या सुरगाण्याकडून, मी म्हटलं घरी कोण आहे मग, तर म्हणाल्या सून आहे, ती मागच्या मोर्चाला आली होती, यावेळी माझी पाळी. म्हणजे घरटी पाळी लावून येतात ही माणसं! आणि पुढारी कोण तर माजी आमदार जिवा पांडू गावित, स्वतः तिथेच बसलेले.

मग नोव्हेंबरात निकाल आला आणि कळवणमधून गावित पडले. २०१९ ला पण पडले होते. आता मला कळत नाहीये ते असं की द्राक्ष, कांदा, कारखाने आणि सोसायट्यांच्या या जिल्ह्यात कम्युनिस्ट आमदार मुळात निवडून कसा यायला लागला, आणि हजारोंनी लोक ज्याच्यामागे मुंबईपर्यंत पायी जातात तो माणूस मतदानाला कमी का पडतो. आणि या सगळ्या मोर्चांमधून लोकांच्या हातात प्रत्यक्ष काय पडलं, हे पण. त्या भागातल्या कुणी लिहिलं तर फार बरं होईल, पेपरातलं मी वाचलंय.

बाऱ्ह्याचा_मास्तर

ताई, मी बाऱ्हे भागातला, सध्या नोकरीमुळे पेठ रोडला राहतो. जमेल तसं सांगतो, लांबेल थोडं.

आमच्याकडे सगळी सुरुवात जमिनीपासून होते. सुरगाणा तालुका म्हणजे जवळजवळ सगळी वस्ती आदिवासी, कोकणा जास्त, मग महादेव कोळी, वारली, भिल्ल. कसायची जमीन डोंगरउतारावरची, नागली वरई भात उडीद, आणि त्यातली कितीतरी जमीन कागदावर फॉरेस्टची. आजोबा कसत होते, वडील कसत होते, पण सातबाऱ्यावर नाव नाही. म्हणजे दरवर्षी पेरणीच्या टायमाला गार्ड येणार, नांगर जप्त करणार, उभ्या पिकात जनावरं सोडणार, नाहीतर दंड करणार. दंडाची पावती मात्र द्यायचे. आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत तशा पावत्या अजून आहेत, कडा वाळवीने खाल्ल्यात, काहींवरची शाई पुसलीय, पण वडिलांनी एक टाकून दिली नाही. का ते खाली सांगतो.

तर या फॉरेस्ट प्लॉटच्या लढ्यातून लाल बावटा आमच्याकडे आला. त्याच्या आधी ठाण्याकडे, तलासरी-डहाणूत गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी १९४५ पासून वारल्यांना उभं केलं होतं, तीच किसान सभा, कम्युनिस्टांची शेतकरी संघटना. नाशिकच्या बाजूला कॉम्रेड नाना मालुसरे यांचं नाव जुनी माणसं अजून घेतात. गावित साहेब अलंगुणचे, आमच्यातलेच, शिकलेले तरुण पोरगे, चळवळीतून पुढे आले आणि १९७८ ला सुरगाण्यातून पहिल्यांदा आमदार झाले. त्यावर्षी राज्यात माकपचे ९ आमदार होते. पुढे ९ चे कमी कमी होत गेले पण सुरगाणा टिकला. १९९५ ला अपक्ष हरिश्चंद्र चव्हाणांनी पाडलं, तेच चव्हाण पुढे भाजपचे खासदार झाले. मग १९९९ आणि २००४ ला परत गावित. २००९ ला गेले, २०१४ ला आले, आणि तेव्हा अख्ख्या विधानसभेत माकपचे ते एकटे आमदार होते. सगळ्यात ज्येष्ठांमधले म्हणून नवीन सभागृहाचे हंगामी अध्यक्ष त्यांनाच केलं, म्हणजे नव्या आमदारांना शपथ देणारा माणूस सुरगाण्याचा. आमच्या पाड्यावर त्या दिवशी टीव्हीसमोर केवढी गर्दी होती!

प्रचार म्हणाल तर शहरात दिसतो तसला नाही. पाड्यावर सभा संध्याकाळी, माणसं शेतातून आल्यावर, समाजमंदिरात नाहीतर कुणाच्या अंगणात. वर्गणीची पावती फाडतात, ज्याच्याकडे पैसा नाही तो तांदूळ देतो, नागली देतो. झेंडे घरातच असतात, मागच्या मोर्चाचे, तेच धुऊन काढतात. सभेत आधी प्लॉटची यादी वाचली जाते, कुणाचा दावा मंजूर, कुणाचा नामंजूर, कुणाची मोजणी बाकी, रेशनकार्डाचं काय झालं, म्हाताऱ्यांची पेन्शन का थांबली, आणि मग शेवटी निवडणूक. लोकांना ते पाच वर्षं चालूच असलेलं काम वाटतं, मतदान त्यातला एक दिवस. म्हणून तुम्हाला त्या आजी भेटल्या ना, त्या पाळी लावूनच येणार, कारण प्लॉट घराचा आहे आणि घरातलं एक माणूस गेलंच पाहिजे असा गावचा ठरावच असतो.

आता लोकं म्हणतात मार्क्स कुठे माहीत्ये यांना. नसेल माहीत सगळ्यांना, पण गार्डाने नांगर नेल्यावर तो सोडवून आणायला कोण आलं ते तीन पिढ्यांना माहीत आहे.

गिरणाकाठ

मास्तरांनी सुरगाण्याची बाजू सांगितली, मी कळवणची सांगतो. आमच्या घरची मतं गावितांना कधी गेली नाहीत हे आधीच सांगतो, पण माणसाबद्दल आदर आहे आणि हिशोब नीट मांडला पाहिजे.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत आहे. त्याआधी सुरगाणा हा स्वतंत्र मतदारसंघ होता आणि कळवण वेगळा. कळवणला ए. टी. पवार, सुरगाण्याला जे. पी. गावित, दोघांचं आपापलं बस्तान. २००९ च्या निवडणुकीपासून सुरगाणा नावाचा मतदारसंघच राहिला नाही, तो कळवणमध्ये आला, आणि एका म्यानात दोन तलवारी अशी गत झाली. २००९ ला पवार जिंकले, २०१४ ला गावित, मग २०१७ ला ए. टी. पवार गेले आणि २०१९ पासून त्यांचे चिरंजीव नितीन पवार. २०१४, २०१९, २०२४ या तिन्ही वेळा जिंकणारा-हरणारा यांच्यातलं अंतर दहा हजारांच्या आत राहिलंय. २०२४ ला तर गावितांना लाखाच्या वर मतं पडली आणि तरी ते पडले. म्हणजे लोक कमी झाले असं नाही, उलट वाढलेत.

मग घोडं कुठे अडतं? सुरगाणा आणि कळवण हे दोन वेगळे देश आहेत हो. बोरगाव-हतगड उतरून तुम्ही अभोण्याकडे आलात की हवा बदलते. आमच्याकडे चणकापूरचं पाणी, इंग्रजांच्या काळातलं धरण, गिरणेचे पाट, कांदा, ऊस, डाळिंब. आमचा प्रश्न वीज, कांद्याचा भाव, पाण्याचं आवर्तन. ए. टी. पवारांनी या भागात लहान-मोठी धरणं, बंधारे यांच्या मागे आयुष्य घालवलं, त्यामुळे ज्याच्या विहिरीला पाणी आलं तो घराणं विसरत नाही. आदिवासी मतदार आमच्याकडेही मोठा आहे पण तो एकगठ्ठा लाल बावट्याकडे नाही. म्हणून होतं काय, सुरगाण्याकडच्या पेट्या उघडल्या की गावित चढतात, कळवणच्या उघडल्या की पवार. मतमोजणीच्या दिवशी आम्ही चहाच्या टपरीवर बसून फेरीचा आकडा ऐकला की कुठली गावं चालू आहेत ते सांगू शकतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे आघाडीचं गणित. २०१४ ला सगळे पक्ष वेगवेगळे लढले होते, मतं चार ठिकाणी वाटली गेली आणि त्यात गावितांचा ठाम गठ्ठा वर राहिला. २०१९ ला राष्ट्रवादीशी समोरासमोर. २०२४ ला राष्ट्रवादी फुटलेली, नितीन पवार अजितदादांकडे, गावितांच्या मागे महाविकास आघाडी, तरी नाही जमलं. तोवर लाडकी बहीणचे हप्ते पण सुरू झाले होते, त्याचा आमच्या गावात तरी परिणाम दिसला.

लोकसभेला २०१९ ला दिंडोरीतून उभे होते तेव्हा लाखाच्या वर मतं घेतली पण तिसरे राहिले, भारतीताई पवार निवडून आल्या. २०२४ ला अर्ज भरून मग मागे घेतला आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या भगरे सरांना वाट मोकळी केली. ती माघार लहान गोष्ट समजू नका. त्याच निवडणुकीत नुसत्या आडनाव आणि तुतारी चिन्हाच्या गोंधळात दुसऱ्या एका भगरेंना लाखाच्या वर मतं गेली होती, त्यात गावितांनी पण लाख घेतली असती तर निकाल काय लागला असता ते तुम्हीच बघा.

घोटी_मेडिकल

मला निवडणुकीचं फारसं कळत नाही पण २०१८ चा लाँग मार्च माझ्या डोळ्यासमोरून गेलाय म्हणून लिहितोय.

६ मार्चला सीबीएस चौकातून निघाले, आमच्या पट्ट्यात आले तेव्हा ऊन असं की डांबर मऊ पडलेलं. आम्ही चार-पाच मेडिकलवाले आणि एक डॉक्टर हायवेला टेबल टाकून बसलो, ओआरएस, बॅन्डेज, मलम. आधी वाटलं तासाभरात संपेल रांग, संपेचना! दोन-दोनच्या ओळी, लाल टोप्या, हातात लाल झेंडे, सगळ्यात पुढे ढोल आणि पावरीवाले, आणि कुणी घाईत नाही, आरडाओरडा नाही. एका बाईंच्या पायातली स्लीपर दोरीने बांधलेली, ती सोडवली तर टाचेचं कातडं निघून आलं बरोबर. मी म्हटलं मावशी टेम्पोत बसा. त्या म्हणाल्या टेम्पो म्हाताऱ्यांसाठी आहे. त्यांचं वय साठीच्या पुढचं असणार.

मग घाटनदेवी, कसारा घाट, शहापूर, भिवंडी, ठाणे. रविवारी ११ ला मुंबईत सोमय्या ग्राऊंडला पोचले आणि सोमवारी सकाळी दहावीचा पेपर होता, मोर्चा सकाळी निघाला असता तर शहर तुंबलं असतं, म्हणून दिवसभर चाललेली माणसं परत रात्रीच उठली आणि अंधारात आझाद मैदानापर्यंत चालत गेली. १८० किलोमीटर झाले होते अंगावर. मुंबईकरांनी पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभं राहून स्वागत केलं ते सगळ्यांनी पाहिलंच. आमदार म्हणून गावित तेव्हा विधानसभेत होते आणि मोर्चातही होते, अशोक ढवळे, अजित नवले, किसन गुजर हे बाकीचे नेते. १२ तारखेला सरकारने लेखी दिलं, मुख्यमंत्री फडणवीस होते, आणि जाताना लोकांसाठी स्पेशल ट्रेन सोडल्या.

आमच्या पट्ट्यातून गेले त्या रात्री इथे त्यांनी जेवणं केली ती जागा सकाळी बघितली, एक पत्रावळ पडलेली नव्हती.

सातपूर_एमआयडीसी

सगळं वाचलं, मोर्चाबद्दल दुमत नाही, लोकांच्या कष्टाला सलाम. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे आणि तो विचारला म्हणून कुणी रागावू नये.

२०१८ ला सहा महिन्यांत वनदावे (कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचे दावे) निकाली काढू असं लेखी घेतलं. फेब्रुवारी २०१९ ला परत नाशिकहून निघाले, विल्होळी-आंबेबहुलापर्यंत गेल्यावर मंत्री गिरीश महाजन आले आणि परत लेखी आश्वासन. मार्च २०२३ ला दिंडोरीहून परत मोर्चा, वाशिंदला थांबला, तिथे एका शेतकऱ्याचा जीव गेला, परत आश्वासन. २०२४ ला परत कलेक्टर ऑफिससमोर मुक्काम. मागणी तीच. म्हणजे सहा वर्षं तेच कागद. आणि जो माणूस सात टर्म आमदार होता त्याच्या तालुक्यातली सीमेवरची गावं २०२२ च्या शेवटी उघड म्हणत होती की आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, रस्ता नाही, दवाखाना नाही, पलीकडे डांग आणि वलसाडमध्ये बघा काय सोयी आहेत. याची जबाबदारी आमदाराची पण येते ना? पाऊस एवढा पडतो सुरगाण्यात आणि मार्च-एप्रिलला बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात, हे फोटो दरवर्षी पेपरात येतात. चळवळ आणि विकास या दोन्ही गोष्टी एका माणसाला जमत नसतील तर मतदाराने काय करायचं?

निवृत्त_महसूल

सातपूरकरांचा प्रश्न रास्त आहे. मी महसूलमध्ये नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं आदिवासी तालुक्यांत, वनहक्काच्या फायली हाताखालून गेल्यात, त्यामुळे तेवढ्यापुरतं बोलतो.

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ ला आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतोय त्याला प्रत्यक्ष कसतोय तेवढी, जास्तीत जास्त ४ हेक्टर, पती-पत्नी दोघांच्या नावाने. दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे, ग्रामसभेचा ठराव, मग प्रांताकडे उपविभागीय समिती, मग कलेक्टरकडे जिल्हा समिती. कागदावर सरळ आहे. प्रत्यक्षात काय झालं की माणूस तीन-चार एकर कसतोय, मोजणीला गेलेल्याने उताराचा भाग सोडून दिला, झाडं आहेत म्हणून एक तुकडा सोडला, जीपीएसचा पॉइंट चुकला, आणि पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, हातात आला तो काही गुंठ्यांचा. फायलीवर मात्र "दावा मंजूर". सरकार आकडे देताना मंजूर दाव्यांची संख्या देतं, क्षेत्र कोण बघतं? म्हणून दरवेळी मागणी तीच दिसते, पण आतून ती बदलत गेलीय. आधी दावे घ्या ही होती. मग नामंजूर दावे परत तपासा. मग कसतोय तेवढं पूर्ण क्षेत्र द्या. २०२३ ला तर मागणी अशी होती की सातबाऱ्यावर इतर हक्कात नाव टाकू नका, कब्जेदार सदरी (म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात) टाका, आणि पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) असा शेरा काढा. हे ज्याला कळतं त्याला कळेल की तो शेरा असला की बँक पीककर्ज देत नाही, खरेदी केंद्रावर भात घेताना अडचण, नुकसानभरपाईत नाव येत नाही. ही भाषा मोर्चातल्या अक्षरओळख नसलेल्या बाईला पाठ आहे, मी ऐकलंय, "आमाला कब्जेदार सदरी घ्या" असं स्पष्ट.

मास्तरांनी दंडाच्या पावत्यांचा विषय काढला तो यासाठीच की वनखात्याने केलेला दंड हाच त्या खात्याच्या सहीचा पुरावा आहे की हा माणूस त्या तारखेला त्या जमिनीवर होता! जुन्या एकसाली (एकेका वर्षासाठी दिलेल्या) प्लॉटचे कागद, दंडाच्या पावत्या, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब हे सगळं पुराव्यात चालतं. ज्या पाड्यांवर संघटना मजबूत होती तिथल्या फायली माझ्याकडे पुराव्यानिशी, ठरावाच्या नक्कलेनिशी यायच्या, आणि जिथे संघटना नव्हती तिथे नुसता कोरा अर्ज. हा फरक मी टेबलावर बसून पाहिलाय आणि याला मी कामच म्हणेन, रस्ता बांधण्याइतकंच.

आमदार म्हणून मर्यादा पण बघा, सात टर्ममधला बहुतेक काळ विरोधी बाकावर, पक्षाचे आमदार १९७८ सोडलं तर मोजून एक नाहीतर दोन-तीन. मंत्रीपद कधी नाही. निधी कुठे जातो हे सरकार ठरवतं. तरी सातपूरकर, पाण्याचं म्हणताय ते खरं आहे, तिथे सगळ्यांनीच कमी केलं आहे, कुठल्याही एका पक्षाला सोडता येणार नाही.

गिरणाकाठ

पाण्यावरून आठवलं, हा विषय गावितांच्या राजकारणात सगळ्यात अवघड आहे असं मला वाटतं आणि यावर कुणी बोलत नाही.

नार, पार या नद्या सुरगाणा-पेठच्या डोंगरातून पश्चिमेला उतरून गुजरातकडे जातात. पार-तापी-नर्मदा म्हणून केंद्राची नदीजोड योजना होती, त्याच्या विरोधात गावित आणि किसान सभा पहिल्यापासून, आमचं पाणी आणि आमची गावं गुजरातला देऊ नका म्हणून, २०१८ च्या मोर्चाच्या मागण्यांत पण ते होतं. २०२२ ला पलीकडे गुजरातच्या आदिवासींनीही आंदोलन केलं आणि ती योजना बाजूला ठेवली गेली. इथपर्यंत आम्ही कळवणवाले पण त्यांच्याबरोबर. पण मग तेच पाणी नार-पार-गिरणा करून आमच्याकडे आणायचं, ऑगस्ट २०२४ ला राज्य सरकारने ७ हजार १५ कोटींची मंजुरी दिली, सुरगाणा-पेठच्या बाजूला धरणं बांधून पाणी उचलून चणकापूरच्या अंगाला गिरणेत. आम्हाला पाहिजे, मालेगावला पाहिजे, जळगावला पाहिजे. आणि बुडणारी जमीन कुणाची? वरच्यांचीच. एकाच मतदारसंघात अर्धे लोक पाण्याकडे डोळे लावून बसलेले आणि अर्ध्यांना भीती की परत आपलीच शेती जाणार. आता या दोघांनाही भेटून मत मागायचं हे कुठल्याही माणसाला सोपं नाही.

अजून एक सांगतो, खरं ते खरं. २०२३ च्या मोर्चात कांदा पण होता. फेब्रुवारी-मार्चला लाल कांदा मातीमोल विकला, तेव्हा सरकारने आधी ३०० म्हटलं होतं मग ३५० रुपये क्विंटल अनुदान झालं, २०० क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद पाहिजे ही अट होती त्यात आमच्याकडचे कितीतरी अडकले, नंतर ती थोडी सैल केली. तो पैसा माझ्या खात्यात आला. म्हणजे डोंगरातल्या ज्या माणसाने कधी कांदा पिकवला नाही तो माझ्या कांद्यासाठी वाशिंदपर्यंत चालला, आणि आमच्या गावातून त्या मोर्चाला हाताच्या बोटावर मोजण्याइतकी माणसं. हे मी आमच्या पारावर पण बोललो, काहींना आवडलं नाही.

पंचवटीची_पोर

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. पोटखराबा हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला आणि त्याच्यासाठी लोक घर सोडून रस्त्यावर झोपत होते आणि मी रोज तिथून ट्रॅफिकला वैतागून जात होते.

मास्तर, एक विचारते. आता पुढे काय? पक्षाचा राज्यात डहाणूला एक आमदार आहे, विनोद निकोले, तेवढंच. गावितांनंतर तुमच्याकडे कोण?

बाऱ्ह्याचा_मास्तर

डहाणू टिकला याचं आम्हाला फार बरं वाटतं, २०१९ आणि २०२४ दोन्ही वेळा. आमच्याकडे तरुण पोरं आहेत पक्षात, जिल्हा परिषद-पंचायत समितीला लढणारी, पण गावितांच्या नावाला जे वजन आहे ते लगेच कुणाला येणार नाही आणि हे आम्हाला माहीत आहे. शिवाय पोरं बदलली. माझे विद्यार्थी नाशिकला अंबड-सातपूरला कंपनीत जातात, द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडला जातात, त्यांना प्लॉटपेक्षा नोकरीचं पडलंय. म्हणून २०२४ च्या ऑगस्टमध्ये पेसा (आदिवासी क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या) भरतीचा प्रश्न आला ना, निवड झालेली आदिवासी पोरंपोरी नेमणुकीविना बसून होती, तेव्हा गावित स्वतः नाशकात आदिवासी विकास भवनसमोर उपोषणाला बसले. त्या वयात उपोषण! माझे दोन विद्यार्थी त्या यादीत होते. तिथे लाल झेंड्याखाली अशी पोरं बसलेली मी पाहिली ज्यांनी मोर्चा फक्त मोबाईलवर बघितलेला. पुढचं काही व्हायचं असेल तर ते अशा पोरांमधून होईल असं मला वाटतं.

सातपूरकर, तुमच्या प्रश्नाला पण उत्तर देतो. रस्ते दवाखाने कमी पडले हे मान्य, बाऱ्ह्याहून रात्री पेशंट नाशकात आणायचा म्हणजे काय ते मी भोगलंय, घाटात गाडी बंद पडली तेव्हा वहिनी गाडीतच बाळंत झाली. राग आहेच. पण गार्डाला बघून माझी आई पूर्वी घरामागे पळायची आणि आता ती त्याला अंगणात बसवून पाणी देते आणि पट्ट्याची लॅमिनेट केलेली कॉपी दाखवते. हे मी कुठल्या निधीत मोजू?

सातपूर_एमआयडीसी

मास्तर, आईंचं वाचून बरं वाटलं. दवाखान्याचा मुद्दा मी सोडणार नाही पण, तो पुढच्या मोर्चाच्या मागण्यांत वर आला पाहिजे, अगदी पहिल्या पाचात.

बाऱ्ह्याचा_मास्तर

यायलाच पाहिजे. पाड्यावरच्या सभेत मांडतो.

दिंडोरी_२७

मध्येच विचारतोय, माझ्या मामांचा दावा आहे उंबरठाणकडे. कसतात तीन एकराच्या आसपास, पट्टा आला अकरा गुंठ्यांचा. आता काही करता येतं का? मामा म्हणतात जाऊ दे मिळालं तेवढं.

निवृत्त_महसूल

जाऊ देऊ नका. आधी आदेशाची तारीख बघा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. मुदत उलटली असेल तरी ग्रामसभेत विषय घ्या, क्षेत्र कमी लागल्याचा ठराव करून घ्या, आणि फेरमोजणीची मागणी लेखी द्या, पोच घ्यायला विसरू नका. मोजणीला मामांनी स्वतः आणि वनहक्क समितीच्या सदस्यांनी हजर राहायचं, चारही कोपऱ्यांवर चालत जायचं, बांधावर उभं राहून नाही सांगायचं. जुने दंडाचे कागद असतील तर त्यावरचा कंपार्टमेंट नंबर आणि पट्ट्यावरचा नंबर एकच आहे का ते बघा, बऱ्याचदा चूक तिथेच निघते. आणि मामींचं नाव पट्ट्यावर आहे ना तेही बघून घ्या. सुरगाण्यात किसान सभेची पोरं हे अर्ज लिहून देतात, मास्तर फोन लावून देतील.

बाऱ्ह्याचा_मास्तर

मेसेज करा, देतो. मामांना कागद सगळे घेऊन यायला सांगा, वाळवीने खाल्लेले पण.